‘द थिन मॅन’ तीनदा अर्धवट सोडला, त्यांच्यासाठी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. जुने हॉलिवूडचे रहस्य-विनोदपट बघायचे ठरवून तुम्ही १९३४चा ‘द थिन मॅन’ लावला. शेजारी बाबा, वय ७४, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर आणि धनंजयवर वाढलेले. तीनदा सुरुवात केलीत, तिन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आसपास बंद केलात. नावं लक्षात राहत नाहीत, माणसं भराभरा बोलतात, हसायचं कुठे ते कळत नाही. आणि बाबांचा शेरा : ‘यातला डिटेक्टिव्ह तपास करतच नाही, नुसता पितोय.’ म्हणून तुम्ही विचारताय, आमचं काही चुकतंय की सिनेमाच म्हातारा झालाय?

बाबांनी अचूक पकडलंय. निक चार्ल्स खरंच तपास करत नसतो. त्यानं चार वर्षांपूर्वी हा धंदा सोडलाय, श्रीमंत बायकोच्या इस्टेटीकडे बघतो आणि सॅन फ्रान्सिस्कोहून नाताळाच्या सुट्टीला न्यूयॉर्कला आलाय. सगळ्या शहराला मात्र खात्री आहे की हा आता खुनाचा छडा लावणार. पोलीस तसं धरून चालतात, वर्तमानपत्रं तसं छापतात, संशयित त्याच्या खोलीवर येऊन उभे राहतात, आणि हा आपला ग्लास भरत सांगत असतो की बाबांनो, मी यात नाही. चित्रपटातला निम्मा विनोद इथे आहे. बाबांना जो दोष वाटला, तोच विनोद आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी एकवीस वर्षं एका लहान शहरातल्या फिल्म सोसायटीत महिन्याला एक जुना चित्रपट दाखवते. त्याआधी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. वाचनालयाचा हॉल, साठेक खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि मध्ये चहा. ‘थिन मॅन’ पहिल्यांदा लावला तेव्हा तुमच्या घरी झालं त्याहून वाईट झालं. चहानंतर जेवढे परत आले ते मोजायला दोन हातांची बोटं पुरली. दारात एका निवृत्त बँकवाल्या काकांनी मला गाठलं, ‘मॅडम, तो मिशीवाला शिडशिडीत माणूस, तोच ना थिन मॅन? मग तो हरवला कधी?’ हरवलेला माणूस वेगळा होता. शीर्षकातला ‘सडपातळ माणूस’ म्हणजे बेपत्ता झालेला संशोधक क्लाइड वायनंट. पण चित्रपट इतका चालला की लोकांनी ते नाव निकलाच चिकटवून टाकलं, आणि स्टुडिओनंही पुढच्या पाचही भागांत ते तसंच वापरलं. काकांचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता, मी काही न सांगता दिवे बंद केले होते.

तर खरी अडचण काय? तुम्ही दोघंही कोडं सोडवायला बसलात. खून झाला, संशयित आले, आता दुवे जुळवू. अर्नाळकरांनी किंवा क्रिस्टीबाईंनी लावलेली ही सवय आहे आणि चांगली आहे. पण या जातीच्या चित्रपटांत खून हा तंबोरा असतो. तो सुरात लागलेला हवा, नाहीतर मैफल कोसळते. पण तंबोरा ऐकायला कुणी तिकीट काढत नाही. गाणं म्हणजे निक आणि नोरा, नवरा-बायको, यांचे सवाल-जवाब.

हे मी मनानं सांगत नाहीये, चित्रपट तसाच लिहून घेतलेला आहे. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची. हा माणूस स्वतः पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी केलेला, म्हणजे पाळत ठेवणं, खबरी सांभाळणं हे त्यानं हातानं केलेलं काम. कादंबरीत बराच कडूपणा आहे. पटकथा लिहायला दिली अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच यांना, आणि हे दोघं खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकनं त्यांना सांगितलं की कथा निमित्तापुरती घ्या, मला या जोडप्याचे प्रसंग लिहून द्या. त्या काळातले बहुतेक प्रेमपट लग्नाशी येऊन थांबायचे, पुढचं कुणी विचारायचं नाही. इथे लग्न होऊन काही वर्षं झालेली आहेत आणि दोघांना एकमेकांची सोबत अजून आवडते. एवढी साधी गोष्ट पडद्यावर तेव्हा नवीन होती. (आजही फार जुनी झालेली नाही, असं माझं मत. असो.)

आता तुमच्या अडचणी एकेक करून.

नावांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पहिली दहाएक मिनिटं निक-नोरा पडद्यावर येतच नाहीत. सुरुवातीलाच तुमच्या अंगावर येतात ते वायनंट, त्याची मुलगी डोरोथी, तिचा होणारा नवरा, वायनंटची मैत्रीण ज्युलिया, वकील मॅकॉली, सोडचिठ्ठी दिलेली बायको मिमी, मिमीचा नवा नवरा. कुणाशी ओळख होण्याआधीच अख्खी लग्नाची पंगत. मी त्या पहिल्या फजितीनंतर एक युक्ती काढली : पाव पानाचा कागद. त्यावर सहा-सात नावं आणि नातं, बस. ‘मिमी : पहिली बायको, पैशावर डोळा.’ ‘डोरोथी : मुलगी, बापावर जीव.’ खुर्चीवर तो कागद ठेवते. लोक दोनदा बघतात, मग विसरतात, पण घाबरत नाहीत. तुम्ही घरी अर्ध्या तासाला बंद करता त्याचं निम्मं कारण हा घाबरेपणा आहे, असा माझा अंदाज. ‘आपलं काहीतरी सुटलं’ असं एकदा वाटलं की माणूस हसत नाही.

दुसरं म्हणजे वेग आणि भाषा. इंग्रजी सबटायटल लावाच, त्यात कमीपणा काही नाही. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवून लावते. पण काही विनोद सबटायटल वाचूनही हाती लागत नाहीत, कारण त्यांच्या मागचं जग गेलेलं असतं. एक नमुना देते. मध्यरात्री एक गुंड पिस्तूल घेऊन निक-नोराच्या बेडरूममध्ये घुसतो. निक काय करतो, तर आधी शेजारच्या बायकोलाच एक ठोसा लगावून आडवी पाडतो, म्हणजे ती गोळीच्या वाटेत यायची नाही, आणि मग गुंडावर उशी फेकून झेप घेतो. शुद्धीवर आल्यावर नोरा चिडते. मारलं म्हणून नाही. ‘तू त्याला लोळवणार हे माहीतच होतं, पण मला ते बघायचं होतं ना’, असा तिचा राग. मग पोलीस येतात, पिस्तुलाचा परवाना आहे का विचारतात. नाही. ‘सलिव्हन अ‍ॅक्ट ऐकलाय का कधी?’ आणि नोरा निरागसपणे सांगते, त्याची काळजी नको, आमचं लग्न झालेलं आहे.

आमच्या हॉलमध्ये या वाक्याला पहिल्यांदा चिटपाखरू हसलं नाही. सलिव्हन अ‍ॅक्ट म्हणजे न्यूयॉर्कचा १९११चा पिस्तूल-परवान्याचा कायदा, हे कुणाला माहीत असणार? नोराला वाटतं की एका खोलीत एक पुरुष आणि एक बाई सापडले म्हणून काहीतरी नीतिमत्तेचं कलम लागतंय. पुढच्या वेळी मी चित्रपटाआधी एवढंच सांगितलं की ‘सलिव्हन अ‍ॅक्ट हा बंदुकीचा कायदा आहे, ध्यानात ठेवा’, आणि का ते सांगितलं नाही. त्या जागी हशा आला. विनोद समजावून सांगितला की मरतो, पण त्याचं सामान आधी हातात दिलं तर जगतो. माझ्या एकवीस वर्षांच्या शिदोरीत कामाचं असं हे एकच वाक्य आहे.

तिसरं, पिणं. इथे तारखा बघा. अमेरिकेतली दारूबंदी १९२० साली सुरू झाली आणि डिसेंबर १९३३मध्ये उठली. चित्रपट लागला मे १९३४मध्ये. तेरा-चौदा वर्षं चोरून प्यायलेल्या लोकांना पडद्यावर एक देखणा माणूस उजळमाथ्यानं, हॉटेलच्या बारमध्ये, शेकर हलवत उभा दिसतोय. ती मुक्ततेची मजा होती. आपल्याकडे दुकानावर अजून ‘परमिट रूम’ अशी पाटी असते आणि ती कुठून आली हे बाबांच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांना हा मुद्दा दोन मिनिटांत पटेल. पटला तरी आवडलाच पाहिजे असं नाही. मला स्वतःला चौथ्या भागापर्यंत ग्लासावरचे विनोद कंटाळवाणे होतात. पाचव्या भागात युद्धाच्या काळात निक गावी आईवडिलांकडे जातो आणि सबंध चित्रपटभर सफरचंदाची सायडर पितो, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू, कारण तुम्ही तिन्ही वेळा त्याच्या पलीकडे गेला आहात आणि बहुधा तो वाया घालवला आहे. निकची पहिली भेट. तो आपल्याला पाठमोरा, बारमध्ये, नोकरांना शिकवताना दिसतो : प्रत्येक पेयाचा शेकर वेगळ्या तालात हलवायचा, अमक्याला फॉक्सट्रॉट, तमक्याला टू-स्टेप, ड्राय मार्टिनीला मात्र वॉल्ट्झ (तिन्ही पाश्चात्त्य नाचांचे ताल). हे तो जेवढ्या गंभीरपणे सांगतो, तेवढ्या गंभीरपणे पुढे खुनाबद्दल एकदाही बोलत नाही. व्हॅन डाइक झटपट कामासाठी प्रसिद्ध होता, ‘वन-टेक वुडी’ म्हणायचे त्याला. असं सांगतात की निकचं काम करणाऱ्या विल्यम पॉवेलला त्यानं दिवे आणि आवाज तपासायचे म्हणून नुसतं चालून दाखवायला सांगितलं, पॉवेल मजेत काहीबाही बोलत शेकर हलवत राहिला, आणि अचानक दिग्दर्शकाचा आवाज आला की झालं, हाच घेतला. त्या प्रसंगातला सैलपणा बघितला की गोष्ट खरी वाटते.

मग नोरा येते. येते म्हणजे अ‍ॅस्टा नावाचा कुत्रा तिला ओढत आणतो. दोन्ही हातांत नाताळाची पुडकी, अंगावर फरचा कोट, आणि भर हॉटेलात ती सपशेल तोंडावर पडते. नायिकेचा पहिला प्रवेश असा जमिनीवर! उठते, जणू काही झालंच नाही अशी बसते, नवऱ्याला विचारते, कितवा? तो म्हणतो, सहावा. इथे आपण टोमण्याची वाट बघतो. ती वेटरला बोलावते आणि आणखी पाच आणायला सांगते, इथे ओळीनं मांड म्हणून. पुढच्या प्रसंगात तिच्या डोक्यावर बर्फाची पिशवी. प्रेमाचा एक शब्द नाही, मिठी नाही, गाणं नाही. पण बायको नवऱ्याला थांबवत नाहीये, गाठायला निघालीये, आणि एवढ्यावर सगळं लग्न कळतं. आमच्या हॉलमध्ये या जागी आधी बायका हसतात आणि मग त्यांच्याकडे बघून पुरुष. दर वेळी हाच क्रम.

मर्ना लॉयला ही नोराची भूमिका सहज मिळाली नव्हती. त्याआधी हॉलिवूडनं तिला वर्षानुवर्षं ‘पूर्वेकडची’ गूढ, विषारी बाई म्हणून वापरलं होतं, अगदी फू मांचू या चिनी खलनायकाची मुलगीसुद्धा. स्टुडिओचा विरोध होता. व्हॅन डाइकनं हट्ट धरला, तेव्हा तीन आठवड्यांत तिला दुसऱ्या चित्रपटासाठी मोकळी करायची या अटीवर परवानगी मिळाली. म्हणजे ती लगबग, तो ताजेपणा, यातला काही भाग निव्वळ घाईचा आहे. पुढे पॉवेल आणि लॉय यांनी एकत्र चौदा चित्रपट केले. पुष्कळ लोकांना ते खरंच नवरा-बायको वाटायचे. नव्हते.

इथपर्यंतचं सोपं करून सांगायचं तर, नावांचा कागद जवळ ठेवा, सबटायटल लावा, दोन-तीन जुने संदर्भ आधी वाचून घ्या, आणि मुडद्यापेक्षा नोराकडे जास्त बघा.

आता ‘परिस्थितीवर अवलंबून’वाली गोष्ट. सगळ्यांना हे चित्रपट आवडतील असं मी म्हणणार नाही. ज्याला रहस्यकथेत न्यायनिवाड्यासारखी काटेकोर जुळणी हवी, त्याला इथे भोकं दिसतील, कारण ती आहेत. ज्याला एकट्यानं, रात्री, मोबाइलवर बघायचंय त्याला मी दुसरं काहीतरी सुचवेन. हे चित्रपट भरलेल्या थिएटरसाठी कापलेले आहेत, हशासाठी त्यांत जागा सोडलेल्या आहेत, आणि एकट्या माणसाला त्या जागा रिकाम्या वाटतात. तुम्ही दोघं आहात, ते बरं आहे. तिघं-चौघं झालात तर आणखी बरं. आमच्या मुंबईत धोबी तलावाला हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं १९३८मध्ये मेट्रो थिएटर बांधलं ते आपलेच चित्रपट दाखवायला, आणि ‘थिन मॅन’ मालिका एमजीएमचीच. त्या गार हॉलमधल्या हशात आणि तुमच्या दिवाणखान्यात फरक राहणारच.

भाषेची अडचण फारच असेल तर माझा सल्ला जरा वाकडा आहे : ‘थिन मॅन’पासून सुरुवातच करू नका. आधी बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ बघा, १९२४चा, मूक, जेमतेम पाऊण तासाचा. एक गरीब प्रोजेक्टरवाला, डिटेक्टिव्ह व्हायचं पुस्तक वाचणारा, सिनेमा चालू असताना झोपतो आणि स्वप्नात चालत चालत पडद्यातच शिरतो. आत गेल्यावर त्याच्या पायाखालची जागा बदलत राहते : बाकावर बसायला जावं तर बाक गेलेला, खडकावरून पाण्यात सूर मारावा तर खाली बर्फ. नव्या प्रेक्षकांना मी हा दाखवते तेव्हा पाचवीतला मुलगा आणि त्याची आजी एकाच जागी हसतात. यात पाण्याच्या टाकीचा एक प्रसंग आहे, रेल्वेच्या डब्यावरून धावणारा कीटन नळाला लोंबकळतो आणि पाण्याचा लोट त्याला रुळांवर आपटतो. त्यात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, आणि हे त्याला कळलं कित्येक वर्षांनी. तो प्रसंग बघताना मी आता हसत नाही, पण लोकांना सांगते मात्र नंतर.

तिथून पुढे ‘पेंग्विन पूल मर्डर’, १९३२. शाळेतल्या बाई मुलांना मत्स्यालय दाखवायला नेतात आणि पेंग्विनच्या तळ्यात प्रेत पडतं. एडना मे ऑलिव्हरनं केलेल्या त्या मिस विदर्स छत्री घेऊन इन्स्पेक्टरला विद्यार्थ्यासारखं हाकतात. माझी ही लाडकी, कारण उघड आहे. बॉब होपचे दोन : ‘द कॅट अँड द कॅनरी’ (१९३९), आणि ‘माय फेव्हरेट ब्रुनेट’ (१९४७), ज्यात लहान मुलांचे फोटो काढणाऱ्याला वाटतं की आपण समोरच्या ऑफिसातल्या खासगी डिटेक्टिव्हसारखं व्हावं. बार्बरा स्टॅनविकचा ‘द मॅड मिस मँटन’ही चांगला आहे, फक्त त्यात हॅटी मॅकडॅनियलसारख्या अभिनेत्रीला मोलकरणीच्या भूमिकेत ज्या वागणुकीतून जावं लागतं ती आज घशाखाली उतरत नाही. काळ्या आणि चिनी पात्रांच्या बाबतीत ही अडचण या काळातल्या बऱ्याच चित्रपटांत येईल. मी ती आधीच बोलून टाकते. भातात खडा आहे हे सांगितलं की निदान दात वाचतो.

‘थिन मॅन’च्या सहा भागांपैकी पहिले दोन बघा. दुसरा १९३६चा, त्यात तरुण जेम्स स्टुअर्ट आहे आणि रहस्य पहिल्यापेक्षा पक्कं आहे, तेव्हा बाबांना तो जास्त आवडण्याची शक्यता धरून चाला. बाकीचे चार पावसाळ्यातल्या रविवारसाठी ठेवा.

आणि बाबांसाठी एक शेवटची युक्ती, मी हॉलमध्ये करते ती. पहिल्या भागाच्या शेवटाकडे निक सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो. वेटर म्हणून साध्या वेशातले पोलीस वाढत असतात, आणि त्यांना वाढता येत नाही. टेबलाभोवती सगळे बसले की चित्रपट थांबवा. तो नावांचा कागद बाबांच्या हाती द्या, खुन्याच्या नावावर खूण करायला सांगा आणि कागद बशीखाली ठेवा. मग पुढे लावा, आणि बोलता बोलता निक नोराकडे वळतो तिकडे लक्ष ठेवा. ती हळूच विचारते, हे खरं आहे का? तो म्हणतो, मला काय माहीत.